अकरा महिन्यांचे घर आणि बारा महिन्यांची वर्गणी

दिवाळी अंकांची झाडाझडती घेणारे लेख दरवर्षी निघतात आणि त्यांत एक वाक्य हटकून असते : मराठी वाचक आता उरला नाही. हे वाक्य इतक्या वेळा छापले गेले आहे की, ते खरे की खोटे हे पडताळून पाहावे असेही आता कुणाला वाटत नाही. मला ते पटत नाही. मी काही कुणी नामांकित समीक्षक नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, म्हणजे आजच्या भाषेत दहावीचे. चिंचवडच्या एका बालवाडीत शिकवते आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहिते. परंतु मासिकांची वर्गणीदार म्हणून माझी जवळजवळ पाव शतकाची चाकरी झाली आहे, आणि तिच्या जोरावर मला असे म्हणावयाचे आहे की, मराठी वाचकाचा पत्ता बदलला आहे. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. अगदी पोस्टाच्या अर्थाने म्हणते.

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या आमच्या या कारखानी पट्ट्यात पुष्कळ कुटुंबे भाड्याच्या घरात राहतात. घरमालकाशी करार होतो तो ११ महिन्यांचा. मासिकाची वर्गणी असते १२ महिन्यांची. या दोन आकड्यांमधल्या एका महिन्याच्या फटीत किती मासिके पडली असतील, याचा हिशेब वाङ्मयाच्या इतिहासात कुणी मांडल्याचे माझ्या वाचनात नाही. १९९९ साली लग्न होऊन मी बार्शी तालुक्यातून काळेवाडीला आले. तेव्हापासून आमची नऊ घरे झाली. यजमान फिटर आहेत. जिकडे काम तिकडे बिऱ्हाड. काळेवाडी, थेरगाव, भोसरी, चिखली, मोशी, मेदनकरवाडी अशी फेरी मारून आम्ही अखेर चिंचवडला आलो. प्रत्येक वेळी टेम्पोत आधी गॅसची शेगडी चढे, मग पिठाचा डबा आणि सर्वांत शेवटी मासिकांचे गठ्ठे. टेम्पोवाला विचारी, “रद्दी पण न्यायची का वहिनी?” यजमान काही बोलत नसत. त्यांच्या त्या न बोलण्याचे मोल मला आता कळते.

मासिक वाचण्याची गोडी मला लावली ती काळेवाडीच्या शेजारच्या काकूंनी. काका पिंपरीच्या एका जुन्या कारखान्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षे कंपनीच्या वसाहतीत काढून त्यांनी इकडे दोन खोल्या बांधल्या होत्या. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पोस्टमन त्यांच्या दारात एक मासिक टाकून जाई. त्यावर खाकी कागदाची पट्टी गुंडाळलेली असे आणि पट्टीवर काकूंचे स्वतःचे नाव. काकांचे नव्हे, काकूंचे. बाईच्या नावाने पोस्टाने काही येते, ही गोष्ट माझ्या लेखी तेव्हा नवी होती. मी त्यांच्या ओट्यावर बसून अंक चाळू लागले की त्या विचारीत,

“काय गं, नुसती पानं उलटतेस का वाचतेस?”

“वाचते काकू. पण तुम्ही परत मागाल म्हणून घाईघाईनं वाचते.”

“मागणारच! पान दुमडायचं नाही, आणि वाचून झालं की काय वाचलंस ते मला सांगायचं. एवढंच भाडं.”

हे भाडे मी दोन वर्षे भरले. कॉलेजचे तोंड मी पाहिले नाही. माझी तोंडी परीक्षा त्या ओट्यावर झाली. मग एके दिवशी काकू म्हणाल्या, “आता तुझं तू मागव. माझ्या अंकावर किती दिवस वाढणार?” आणि मनिऑर्डरचा फॉर्म त्यांनीच माझ्याकडून भरून घेतला. फॉर्मच्या खालच्या भागात संदेशासाठी जी चार ओळींची जागा असे, तिथे मी लिहिले, “दिवाळी अंकापासून वर्गणी सुरू करावी.” संपादकाला उद्देशून मी लिहिलेले हे पहिले वाक्य. माझ्या पुढच्या सगळ्या लेखनाची सुरुवात तिथून झाली असे मी मानते.

वाचकाला मासिक सापडते कसे, या प्रश्नाचे माझे उत्तर या अनुभवातूनच आलेले आहे. जाहिरात वाचून वर्गणीदार झालेली माणसे मला फार थोडी भेटली. मासिक सापडते ते दुसऱ्या माणसाच्या हातून : शेजारणीच्या, ग्रंथपालाच्या, दवाखान्यात शेजारी बसलेल्या आजोबांच्या. आणि ते सापडण्याचा आपल्याकडचा ठरलेला हंगाम म्हणजे दिवाळी. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली ‘मनोरंजन’ सुरू केले आणि १९०९ साली त्याचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही प्रथा चालत आली आहे. दिवाळी अंक हा नुसता जाडजूड अंक नसतो. वर्षभराच्या ताटातला तो पहिला घास असतो. वाचनालये ठरावीक रक्कम घेऊन महिना दोन महिने सर्व दिवाळी अंक आळीपाळीने वाचायला देतात. त्यांतला एखादा मनात भरतो, त्याच्या पानांत दडवलेला वर्गणीचा फॉर्म हाती लागतो आणि फराळाच्या तेलकट बोटांनीच आपण तो भरतो.

या उत्साहाचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. २०१६ च्या जानेवारीत पिंपरी-चिंचवडला ८९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. आमच्या धुराच्या गावात सारस्वतांचा मेळा! मी शाळेतून रजा घेऊन गेले आणि पुस्तकांच्या दालनांतून हिंडता हिंडता एका दुपारी पाच नियतकालिकांच्या वर्गण्या भरून आले. यजमानांनी पावत्या मोजल्या आणि म्हणाले, “वाचायला सुट्टी पण भरून आणलीस का?” त्या वर्षी पाचांपैकी दोन मी नेमाने वाचली. उरलेल्या तिघांचे अंक खाकी पट्टी न काढताच गादीखाली गेले. आपण वर्गणी देतो तेव्हा काय देतो, हा प्रश्न मला त्या गादीवर झोपताना प्रथम पडला.

पैसे देतो हे उघडच आहे. पण पैसे तर आपण भाजीलाही देतो, आणि भाजी आधी हातात घेऊन पाहतो. वर्गणीत मात्र अजून लिहिला न गेलेला मजकूर आपण आधीच विकत घेतो. संपादक म्हणतो, मी वर्षभर येईन. वाचक म्हणतो, मी वर्षभर घरी असेन. असा तो शब्दाला शब्द आहे. नियतकालिकाचे मोल ठरवताना त्यातल्या कथा-कवितांचे गुणदोष आपण पाहतो. हा शब्द कुणी किती पाळला हे पाहत नाही. ते पाहू लागले की जुन्या गोष्टी निराळ्या दिसू लागतात.

हल्ली एकट्या लेखकाने ठरावीक काळाने आपल्या वाचकांना पत्र धाडावे आणि वाचकांनी त्यासाठी नाव नोंदवावे, हा प्रकार फोनवर फार बोकाळला आहे. २०१७ साली अमेरिकेत ‘सबस्टॅक’ नावाची कंपनी निघाली आणि एकेकट्या लेखकांना वर्गणीदार मिळवून देण्याचा तिने व्यवसायच केला. लोक याला नवे म्हणतात. आपल्याकडे १८७४ च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ काढली ती दुसरे काय होती? सरकारी शाळेतला तेविशीतला मास्तर, दर महिन्याचा मजकूर बहुतेक सगळा एकहाती लिहायचा आणि वर्गणीदारांना पाठवायचा. १८८१ पर्यंत असे ८४ अंक निघाले. मध्यंतरी शास्त्रीबोवांची बदली रत्नागिरीस झाली. १८७९ साली त्यांनी सरकारी नोकरी सोडली, १८८० च्या आरंभी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. म्हणजे पत्ता संपादकाचा बदलला, पोटापाण्याचे साधनही बदलले. माला तुटली नाही. पहिला निबंध मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीवर होता आणि शेवटचा देशाच्या स्थितीवर. पहिल्या वर्षाची वर्गणी भरणाऱ्याला हा मनुष्य आपल्याला भाषेपासून देशापर्यंत चालवत नेणार आहे याची कल्पना असणे शक्य नव्हते. त्याने शब्दावर विश्वास ठेवला. निबंधमालेच्या ठसकेबाज भाषेचे कौतुक पुष्कळांनी केले आहे, तिच्या एकांगीपणावर टीकाही झाली आहे. मला तिच्या नेमाचे कौतुक वाटते.

दुसरे उदाहरण आम्हा कारखानी लोकांच्या जवळचे आहे. औंध संस्थानात १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर करणाऱ्या या वाडीतून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. कारखान्याची हालहवाल कारखान्याशी संबंध असलेल्या लोकांना कळावी, एवढ्याशा हेतूची ती गृहपत्रिका. पण तिचे संपादक शं. वा. किर्लोस्कर यांची नजर भट्टीच्या पलीकडे पोचणारी होती. त्या खबरीचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० साली ‘स्त्री’ आले, १९३४ साली ‘मनोहर’ आले, आणि नांगरांच्या गावातून निघालेली ही तीन मासिके महाराष्ट्राच्या माजघरापर्यंत गेली. या इतिहासातली एक साधी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. किर्लोस्करवाडीत कारखान्याबरोबर कामगारांची घरेही उभी राहिली होती. ज्या मालकाने माणसाला वाचायला पत्रिका दिली, त्याने ती ठेवायला कोनाडाही दिला होता.

पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना आला, त्याच्याबरोबरही वसाहत आली. माझ्या काकू अशाच एका वसाहतीतून आलेल्या. तीस वर्षे एक दार, एक पोस्टमन, एक वर्गणीदार क्रमांक. आज आमच्या पट्ट्यात कारखाने कितीतरी पटींनी वाढले आहेत. मोठ्या कंपन्यांच्या गृहपत्रिका निघतात, कामगारांचे दिवाळी अंकही निघतात. ते कायम कामगाराच्या हातात पडतात. ठेकेदाराकडे लागलेला विदर्भ-मराठवाड्यातला पोरगा खराबवाडीच्या नाही तर महाळुंग्याच्या एका खोलीत चौघांबरोबर पाळीपाळीने झोपतो. तो पहिल्या पाळीला असतो तेव्हा पोस्टमन येतो, आणि तिसऱ्या पाळीहून येऊन झोपलेला असतो तेव्हाही पोस्टमनच येतो. त्या पोराला वाचनाची आवड नाही असे ठरवण्यापूर्वी त्याच्या दारावर पेटी आहे की नाही हे पाहिले पाहिजे.

आता माझ्या अपराधाकडे येते. तो सांगितल्यावाचून हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

एक लहानसे मासिक मी सात वर्षे घेत होते. त्याचे नाव लिहीत नाही. लहान मुलांच्या शिक्षणाविषयी त्यात इतका साधा, उपयोगी मजकूर असे की बालवाडीतले माझे निम्मे खेळ मी त्यातून उचललेले आहेत. २०११ साली आम्ही चिखलीहून मोशीला बिऱ्हाड हलवले. प्रत्येक अंकाच्या मलपृष्ठाच्या आत सूचना असे की, पत्ता बदलल्यास एक महिना अगोदर कळवावे. मी कळवले नाही. आळस एवढेच कारण. दुसरे काही नाही. अंक जुन्या पत्त्यावर जात राहिले. जुन्या घरमालकीणबाईंनी दोनदा निरोप धाडला, “तुमची पुस्तकं साठलीत, घेऊन जा.” मी गेले नाही. वर्गणी संपल्याचे पोस्टकार्ड आले, तेही त्यांनीच कुणाच्या तरी हाती पोचवले. “पुढच्या पगाराला भरू” म्हणून मी ते देव्हाऱ्यामागे खोचले. पगार आले आणि गेले.

दीड-दोन वर्षांनी एका रद्दीच्या दुकानात त्या मासिकाचा एक अंक मला दिसला. तो शेवटचा होता. संपादकांनी पहिल्या पानावर निरोप घेतला होता. त्यात आदळआपट नव्हती, समाजाला शिव्याशाप नव्हते. त्यांनी एवढेच लिहिले होते की, जे वर्गणीदार गेले ते अंक आवडेनासा झाला म्हणून गेले की दुसऱ्या काही कारणाने, हे आम्हाला कधी समजू शकले नाही. समजले असते तर एक तर सुधारता आले असते किंवा धीर धरता आला असता. मी तो अंक तीन रुपयांना विकत घेतला. वर्गणी न भरलेल्या मासिकाला मी दिलेले ते शेवटचे पैसे. आणि तेही रद्दीवाल्याला मिळाले.

माझ्या एका वर्गणीने ते मासिक तगले असते अशी माझी समजूत नाही. पण माझे गप्प बसणे त्या संपादकांनी नापसंती म्हणून वाचले असणार, आणि ते खोटे होते. मासिक बंद पडले की आपण दोन निदाने करतो : संपादक कमी पडला किंवा वाचक बिघडला. तिसरे निदान, म्हणजे दोघेही धड होते पण मधला धागा तुटला, हे कुणी करत नाही; कारण त्याला पुरावा लागतो आणि तो पुरावा घरमालकिणीच्या कोनाड्यात पडलेला असतो.

संपादकांच्याही पदरी माप घातले पाहिजे. वर्गणीदारांना उद्देशून छापलेली निवेदने हा मराठी गद्याचा एक दुर्लक्षित प्रकार आहे. मी ती कथेइतक्याच आवडीने वाचते. त्यांचे ढोबळ मानाने तीन सूर असतात. पहिला रडका : कागद महागला, छपाई महागली, आपण तरी साथ द्या. दुसरा दरडावणीचा : वर्गणी संपली आहे, नकार न कळवल्यास पुढील अंक व्ही. पी. ने पाठवू, तो परत करून संस्थेचे नुकसान करू नये. तिसरा सूर विरळा : आपली वर्गणी अमुक महिन्यात संपते, पुढे हवी असल्यास इतके पैसे पाठवा, नको असल्यास दोन ओळी लिहून का ते सांगा. रडका सूर वाचकाला उपकारकर्ता करतो आणि दरडावणीचा त्याला ऋणको करतो. तिसरा त्याला बरोबरीचा समजतो. ज्या मासिकाला आपल्या वाचकाशी सरळ दोन वाक्ये बोलता येत नाहीत, त्याच्या अग्रलेखातल्या मोठ्या गोष्टींवर माझा विश्वास बसत नाही. आणि ‘आजीव वर्गणीदार’ या शब्दाची तर मला नेहमी मौज वाटते. आजीव म्हणजे कुणाच्या जीवात जीव असेपर्यंत, वाचकाच्या की मासिकाच्या, याचा खुलासा पावतीवर कुठेच नसतो!

आता फोनवरच्या पत्रांविषयी. आमच्या धाकट्याने माझ्यासाठी ई-मेलचा पत्ता काढून दिला तेव्हा तो म्हणाला, “आई, आपलं घर कितीही वेळा बदललं तरी तुझा हा पत्ता बदलणार नाही.” खरे सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आले. ११ महिन्यांच्या करारात अडकलेल्या बाईला जन्मभराचा पत्ता मिळाला होता. मी अधाशासारखी नावे नोंदवत सुटले. कुणी पुस्तकांविषयी लिहितो, कुणी शेतीविषयी, कुणी बालशिक्षणाविषयी. पैसे पडत नव्हते, मग विचार कशाला करायचा? शिवाय ज्यांच्याकडून एकदा कधी कुकर मागवला होता, त्यांची पत्रेही मागून घेतल्यासारखी येऊ लागली. दोन वर्षांनी पाहते तो न उघडलेली पत्रे ४०० च्या वर. पत्ता कायमचा झाला होता, पण त्या पत्त्यावर मी कधी घरी नसे.

खाकी पट्टीतले अंक निदान गादीखाली टोचत तरी होते. फोनमधला ढीग टोचत नाही. पाठवणाऱ्याला पत्र उघडल्याची खूण मिळते. वाचल्याची मिळत नाही. जुन्या व्यवहारात वाचकाचे गप्प राहणे वर्षाच्या अखेरीस तरी उघडे पडे, कारण वर्गणी येत नसे. फुकटच्या व्यवहारात ते कधीच उघडे पडत नाही. लिहिणारा वर्षानुवर्षे ओसाड घरांत पत्रे टाकत राहतो.

येथून बाहेर पडण्याचा रस्ताही पूर्वी दडवलेला असे : पत्राच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू यांनी, मोठ्या संख्येने पत्रे धाडणाऱ्यांनी एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय दिलीच पाहिजे असा नियम केला. २०२५ साली जीमेलमध्ये आपण कुणाकुणाकडे नावे नोंदवली आहेत याची एकत्र यादी पाहण्याची सोयही येऊ लागली. ही चांगली गोष्ट झाली. मात्र एक चूक आपल्यापैकी पुष्कळजण करतात ती सांगून ठेवते. कंटाळा आला की नाव कमी न करता आपण ‘स्पॅम’ असे बटण दाबतो. आपणच आमंत्रण देऊन बोलावलेल्या पाहुण्याला, जेवण नको झाले म्हणून, चोर ठरवून चौकीवर देण्यासारखे हे आहे. त्याने त्या लिहिणाऱ्याची पत्रे दुसऱ्यांच्या घरीही संशयाने पाहिली जाऊ लागतात. नको असेल तर दारातून नमस्कार करून निरोप द्यावा.

रद्दीच्या दुकानातल्या त्या अंकानंतर मी एक वही केली. दिवाळीच्या साफसफाईत, माळ्यावरचे डबे उतरवून झाले की, मी ती काढून बसते. कागदावर येणारे आणि फोनवर येणारे, सगळ्यांना मी एकच न्याय लावते. वहीत चार रकाने आहेत : नाव, कुणाच्या हातून सापडले, शेवटचे केव्हा वाचले, आणि वाचून कुणाला दिले किंवा सांगितले. चौथा रकाना काकूंचा. तिसरा नि चौथा रकाना वर्षभर कोरा राहिला तर ते नाव मी खोडते, पण खोडण्यापूर्वी संपादकाला दोन ओळी लिहिते : आपले लेखन चांगले आहे, मला वेळ होत नाही, किंवा, हल्ली आपण फार एकसुरी लिहिता, म्हणून थांबते. यंदा वहीत सात नावे होती. तीन खोडली, तीन पत्रे लिहिली. चार ठेवली आणि त्या चारांचे पैसे लक्ष्मीपूजनाआधी पाठवले. फुकट येणाऱ्या एकाला, त्याने मागितले नसतानाही, पैसे घेण्याची काही सोय आहे का म्हणून विचारले आहे. वाचणे ही देखील एक लिहिलेली जबाबदारी आहे, एवढे त्या वहीने मला शिकवले.

आता शेवटची गोष्ट. गेली चार वर्षे माझे मासिक माझ्या घरी येत नाही. पुन्हा बिऱ्हाड हलले तर घोटाळा नको म्हणून मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा पत्ता दिला आहे : माझे नाव, आणि खाली ‘द्वारा’ म्हणून दुकानाचे. दुकानदार कुटुंब मूळचे राजस्थानचे, तीन पिढ्या इकडे. अंक आला की तो आधी त्यांची सून वाचते. पहिल्या वर्षी खाकी पट्टी नीट काढून परत चिकटवलेली असे. दुसऱ्या वर्षापासून तिने ते सोंगही सोडले. काही पानांवर गुळाचे बोट उमटलेले असते. पान मात्र ती दुमडत नाही, हे मी सांगितलेले नसतानाही.

मागच्या महिन्यात मी साखर आणायला गेले तर ती गल्ल्यावरूनच म्हणाली, “बाई, या महिन्याचा अंक अजून आला नाही. तुम्ही वर्गणी भरली का नाही? का पत्र घालू मी त्यांना?”

वाचक उरला नाही म्हणणाऱ्यांना मी हिच्याकडे पाठवीन. वर्गणीदारांच्या कुठल्याही यादीत तिचे नाव नाही; आणि माझ्या अंकाची वाट माझ्याआधी ती पाहते आहे. मी पिशवीतून वर्गणीचा फॉर्म काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

“आता तुझं तू मागव,” मी म्हटले.

तिने फॉर्म वाचला आणि नावाच्या जागी स्वतःचे नाव लिहिले. सासऱ्यांचे नव्हे, नवऱ्याचे नव्हे. पत्त्याच्या जागी मात्र तिचा हात क्षणभर थांबला. मग दुकानाचा पत्ता लिहून तिने मान वर केली आणि विचारले, “यात ‘द्वारा’ लिहायचं नाही ना, बाई?”